आधी पाय पाहा, नाव नंतर : जुन्या सिंगल शॉट रायफलच्या साइट कशा ओळखाव्यात

जुन्या शस्त्रांच्या बाजारात कधी कधी रायफलपेक्षा तिच्यावरच्या साइटचीच जास्त घासाघीस चालते. वस्तू म्हणाल तर बोटभर लांबीचा लोखंडी दांडा, त्याच्या खाली बिजागरी आणि वर मधोमध छिद्र असलेली चकती. विक्रेता छातीठोकपणे सांगतो, 'ही १८७५ची अस्सल शार्प्सची साइट.' ती तशी असेलही. पण त्या दांड्यावर शार्प्सचे नाव नसते, तारीख नसते, बरेचदा एखादा आकडा सोडला तर काहीच कोरलेले नसते. मग ओळखायची कशावरून?

बहुतेक नवखे संग्राहक आधी नाव शोधतात. भिंग लावून अक्षरे हुडकतात, ती सापडली नाहीत की विक्रेत्याच्या शब्दावर भिस्त ठेवतात. माझे मत असे की क्रम उलटा हवा. आधी साइटचा पाय पाहावा, मग दांड्याची उंची, मग मोजपट्टीच्या रेघा आणि अगदी शेवटी नाव. नाव ठोकता येते, तसेच घासून पुसताही येते. पायाचा बाक आणि स्क्रूंच्या छिद्रांमधले अंतर मात्र ज्या रायफलसाठी साइट घडवली तिचेच राहते.

सिंगल शॉट म्हणजे दर बाराला एक काडतूस हाताने भरावे लागणारी रायफल. मागून काडतूस भरायच्या अशा रायफलींचा बहर साधारण १८७० ते पहिल्या महायुद्धापर्यंत टिकला. अमेरिकेत शार्प्स, रेमिंग्टनची रोलिंग ब्लॉक, मार्लिनने बनवलेली बॅलार्ड, स्टीव्हन्स आणि विंचेस्टरची १८८५ची 'हाय वॉल' ही त्यातली मोठी घराणी. ब्रिटनमध्ये मार्टिनी आणि फार्कहार्सन, जर्मनीत आयट. शिकारीसाठी आणि लष्करासाठी या रायफली भरपूर बनल्या, पण ज्या साइटसाठी आज संग्राहक जीव टाकतात त्या निशाणबाजीच्या स्पर्धांसाठी जन्मल्या.

तारीख सांगायचीच झाली तर २६ सप्टेंबर १८७४. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या क्रीडमोर मैदानावर आयर्लंड आणि अमेरिका यांच्या संघांचा ८००, ९०० आणि १००० यार्डांवर सामना झाला. आयरिश संघाकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्सच्या मागून भरायच्या. अमेरिकेने तो ९३४ विरुद्ध ९३१ असा जिंकला. आयरिश संघातल्या मिल्नर यांची एक गोळी लक्ष्याच्या अगदी मध्यावर बसली, फक्त लक्ष्य दुसऱ्याचे होते. तिचे गुण मिळाले नाहीत. या सामन्यानंतर अमेरिकेत लांब पल्ल्याच्या निशाणबाजीचे वेडच पसरले आणि 'क्रीडमोर' हे नाव मालावर चिकटवण्याची प्रथा पडली. ती अजून गेलेली नाही. उंच दांड्याची कोणतीही साइट दिसली की विक्रेता तिला क्रीडमोर म्हणतो. हाय वॉलची साइट '१८७४च्या सामन्यातली' म्हणून कोणी दाखवली, तर एवढेच लक्षात ठेवा : ज्या रचनेवरून ती रायफल झाली तिचे पेटंट जॉन ब्राउनिंग यांना १८७९मध्ये मिळाले आणि विंचेस्टरने ती बाजारात आणली १८८५मध्ये.

आता पायाकडे वळू. या साइट नळीवर बसत नाहीत. ॲक्शनच्या, म्हणजे काडतूस भरून उडवणाऱ्या यंत्रणेच्या मागे, कुंद्याच्या मानेवर जी लोखंडी पट्टी येते तिला टँग म्हणतात. साइट त्या टँगवर दोन स्क्रूंनी बसते. प्रत्येक घराण्याच्या टँगचा बाक, रुंदी आणि लांबी वेगळी असते. खोगीर ज्या घोड्यासाठी शिवले त्याच्याच पाठीवर नीट बसावे, तशी साइटच्या पायाची खालची बाजू तिच्याच टँगवर फट न ठेवता बसते. म्हणून साइट हातात आली की ती उलटी करा. तळ सपाट आहे की बाक दिलेला, बाक पुढून मागे आहे की आडवा, पाय लांब निमुळता आहे की आखूड आणि रुंद, हे पाहा आणि कागदावर त्याचा ठसा घ्या. पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण तो मापात असतो.

मग व्हर्निअर कॅलिपरने दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर मोजा. विंचेस्टरच्या कित्येक मॉडेलांत हे अंतर एकच आहे, सुमारे २ पूर्णांक ३/१६ इंच. त्यामुळे नुसत्या अंतरावरून 'ही हाय वॉलचीच' असे ठरत नाही. लिव्हरने चालणाऱ्या विंचेस्टर रायफलीची साइटही त्या छिद्रांत बसते, फक्त तिच्या पायाचा बाक जुळत नाही. अंतर आणि बाक या दोन्ही साक्षी एकत्र घ्यायच्या त्या यासाठी. अंतर जुळते पण पायाखाली कागद सरकतो, अशी साइट दुसऱ्या रायफलची असण्याचा संभव दाट. जुळवण्यासाठी कोणी पायाची खालची बाजू कानस मारून घासली असेल, तर तिथली चमक आणि रेघा बाकीच्या जुन्या पृष्ठभागापासून वेगळ्या दिसतात.

स्क्रूकडे दुर्लक्ष करू नका. त्या काळातले अमेरिकन कारखाने इंचातले आटे वापरत, तेही बरेचदा स्वतःच्या मापाचे. साइटच्या स्क्रूचे आटे मिलिमीटरच्या गेजमध्ये चपखल बसले, तर 'अमेरिकन' म्हणून सांगितलेली ती वस्तू बहुधा युरोपातली किंवा अलीकडची नक्कल असते. गावातल्या कोणत्याही लेथवाल्याकडे आट्यांचा गेज असतो. दोन मिनिटांचे काम आहे. जुन्या स्क्रूच्या डोक्यावरची खाच अरुंद असते. षट्कोनी चावीने फिरणारा स्क्रू दिसला, तर निदान तो स्क्रू तरी मूळचा नाही हे पक्के.

दांड्याच्या उंचीवरून साइट कोणत्या पल्ल्यासाठी घडवली ते कळते, आणि इथे थोडे गणित केले तर फसवणूक टळते. समजा, मागची साइट आणि नळीच्या टोकावरची माशी यांच्यात ३६ इंचांचे अंतर आहे. मागची चकती इंचाच्या शंभराव्या भागाइतकी वर नेली की नेम साधारण एका मिनिटाच्या कोनाने वर जातो. म्हणजे १०० यार्डांवर सुमारे एक इंच आणि १००० यार्डांवर सुमारे दहा इंच. काळ्या दारूची जड, संथ गोळी हजार यार्डांवर पोचवायची तर शंभराहून कितीतरी जास्त मिनिटे वर चढावे लागते. म्हणून लांब पल्ल्याच्या साइटवर चकतीला दोन-तीन इंच प्रवास करता यावा इतका दांडा उंच ठेवत. मध्यम पल्ल्याची त्याहून ठेंगणी. २०० यार्डांवर उभ्याने बार टाकणाऱ्या निशाणबाजाला एवढी उंची नकोच असते. त्याला हवी असते बारीक हालचाल आणि पक्की पकड. ठेंगण्या दांड्याची साइट 'हजार यार्डांची' म्हणून कोणी विकत असेल, तर त्याला हे गणित करून दाखवा.

उंच दांड्याच्या साइटचा एक भाऊबंद टँगवर बसतच नाही. लांब पल्ल्याचे काही निशाणबाज पाय लक्ष्याकडे करून उताणे झोपत आणि रायफल अंगावर टेकवून बार टाकत. त्या स्थितीत डोळा कुंद्याच्या शेवटाजवळ येतो. म्हणून साइटचा पाय कुंद्याच्या टाचेवर, लाकडावर बसवलेला असे. आयरिश आणि ब्रिटिश मॅच रायफलींवर ही सोय दिसते. रुंद पाय आणि लाकडात जाणारे स्क्रू दिसले, तर टँगवर का बसत नाही म्हणून डोके खाजवत बसू नका.

मोजपट्टी हा या वस्तूंचा सर्वात देखणा भाग. फ्रेंच गणिती पिएर व्हर्निअर यांनी १६३१मध्ये मांडलेली सरकत्या मोजपट्टीची युक्ती इथे कामाला येते. एक साधारण रचना अशी : दांड्यावर इंचाचे वीस भाग, आणि सरकत्या पट्टीवर त्यातल्या नऊ भागांच्या लांबीत दहा रेघा. कोणती रेघ कोणत्या रेघेशी जुळते ते पाहून इंचाचा दोनशेवा भाग वाचता येतो. जुन्या साइटवर या रेघा यंत्राने कापलेल्या असतात. भिंगाखाली त्यांच्या कडा स्पष्ट, तळ खोल आणि अंतरे समान दिसतात. आकडे मात्र बरेचदा हातठशांनी एकेक करून मारलेले असतात, म्हणून ते जरा वरखाली असतात, एखादा किंचित कललेला असतो. आकडे आणि रेघा दोन्ही एकसारख्या उथळ, सपाट आणि करड्या दिसत असतील, तर ते रासायनिक किंवा लेझरचे काम असू शकते. इतके सुबक काम जुन्या कारागिराने केले नसते असे मी म्हणत नाही. पण इतके निर्जीव नक्कीच केले नसते.

चकतीचेही परीक्षण करा. वरच्या डोळ्यासमोरच्या कपात छिद्र एकच आहे, की फिरत्या तबकडीत लहानमोठी छिद्रे आहेत? हॅडली नावाने ओळखला जाणारा कप या दुसऱ्या प्रकारचा. उजेड कमी झाला की निशाणबाज मोठे छिद्र पुढे आणी. हे कप आट्यांवर बसत असल्याने एका साइटचा कप दुसरीवर सहज जातो. कप अस्सल आणि दांडा नवा, किंवा उलट, अशी जोडी बाजारात खूप फिरते.

व्हर्निअर साइट श्रीमंतांच्या. सर्वसामान्य शिकाऱ्याच्या रायफलवर जी साइट सर्वाधिक दिसते ती विल्यम लायमन यांची. कनेटिकटमधल्या मिडलफील्डच्या या गृहस्थांनी १८७९मध्ये पेटंट घेतले आणि एक साधी गोष्ट जगाला पटवली. छिद्र डोळ्याजवळ असेल तर ते बारीक असण्याची गरज नाही. पातळ कडीचे मोठे छिद्र डोळ्यासमोर धरले, की डोळा आपोआप त्याच्या मध्यावरच माशी ठेवतो. निशाणबाजाने कडीकडे पाहायचेच नाही. उघड्या साइटमध्ये बॅकसाइटची खाच, फोरसाइटची माशी आणि लक्ष्य या तीन गोष्टी एकदम स्पष्ट दिसाव्यात अशी अपेक्षा असते, जी चाळिशीनंतरचा डोळा पुरी करत नाही. लायमनने त्यातली एक वजा केली. वरळीच्या किंवा बालेवाडीच्या रेंजवर पीप साइटमधून नेम धरणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले, त्या प्रकारातली .२२ रायफलही एकेक गोळी हाताने भरून चालवायची असते आणि तिच्यावरची पीप साइट याच वंशातली.

लायमनच्या टँग साइटवर नाव असते, पेटंटच्या तारखा असतात आणि पायावर एक-दोन अक्षरांची सांकेतिक खूण असते. ती खूण म्हणजे ही साइट कोणत्या रायफलसाठी बनवली त्याचा पत्ता. मार्बल या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या साइटवरही अशाच खुणा सापडतात. त्यांचे तक्ते संग्राहकांच्या पुस्तकांत मिळतात. निक स्ट्रोबेल यांचे 'ओल्ड गनसाइट्स' हे पुस्तक या विषयात बहुतेकांच्या हाताशी असते. इथेच नवखा एक चूक हमखास करतो. पेटंटची तारीख म्हणजे बनवल्याची तारीख नव्हे. १८७९ ही तारीख ठोकलेली साइट त्याआधीची नाही, एवढेच सिद्ध होते. ती १९१० सालीही बनलेली असू शकते.

तारीख काढायला कंपनीचे पूर्ण नाव जास्त उपयोगी पडते. मिशिगनमधल्या ग्लॅडस्टनचे वेब्स्टर मार्बल आधी 'मार्बल सेफ्टी ॲक्स' या नावाने माल काढत आणि १९११पासून 'मार्बल आर्म्स' झाले. स्टीव्हन्सच्या मालावर 'आर्म्स अँड टूल' हे शब्द असतील, तर तो १८८६ ते १९१६ या काळातला. शार्प्सचा कारखाना १८७६मध्ये हार्टफर्डहून ब्रिजपोर्टला हलला. रेमिंग्टनचे 'ई. रेमिंग्टन अँड सन्स' हे जुने नाव १८८०च्या दशकाअखेर, दिवाळखोरीनंतर गेले. नाव पूर्ण आणि नीट वाचले की दशक हाती लागते.

मार्बलच्या साइटची ओळख तर डोळे मिटूनही पटते. तिच्या पायात मजबूत स्प्रिंग असते. दांडा बोटाने मागे रेटला की वाकतो आणि सोडला की ताडकन उभा राहतो. जुन्या मार्बलमध्ये दांडा वरखाली होतो, डावीउजवीकडे सरकवण्याची सोय नसते. याच नावाने आज बनणाऱ्या साइटमध्ये ती सोय आहे. त्यामुळे आडवी हालचाल देणारा स्क्रू दिसला की 'जुनी मार्बल' हे लेबल संशयास्पद धरावे. लायमनच्या जुन्या साध्या टँग साइटमध्येही आडवी हालचाल नव्हती; १०३ क्रमांकाच्या साइटमध्ये दोन्ही दिशांना मायक्रोमीटरची सोय होती, आणि म्हणूनच तिला आज मागणी फार.

पुढच्या साइटबद्दल थोडक्यात. निशाणबाजीच्या रायफलवर माशी उघडी नसते. तिच्यावर आखूड नळकांडे असते आणि आत बदलता येणाऱ्या चकत्या : कुणात टाचणीच्या डोक्यासारखा मणी, कुणात गोल कडी. उंची मागच्या साइटवर बदलायची आणि वाऱ्याचा हिशोब इथे करायचा, म्हणून चांगल्या जोडीत पुढच्या साइटला आडवी हालचाल असते आणि खाली पाणसळीची काचेची नळी. बहुतेकांची ती नळी फुटलेली किंवा आतला द्रव सुकलेला असतो. नवी नळी बसवली म्हणून साइट खोटी ठरत नाही, पण विकताना ते सांगावे. मणी आणि कडी अशी दोन्ही रूपे उलटसुलट करून वापरता येणारी पुढची साइट दिसली, तर ती १८६७च्या बीच पेटंटच्या वळणाची.

दुर्बीण हा वेगळ्या लेखाचा विषय. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचे विल्यम माल्कम १८५५पासून रायफलसाठी दुर्बिणी बनवू लागले आणि त्यांच्या बारीक, नळीएवढ्या लांब दुर्बिणींच्या नकला आज सर्रास मिळतात, इतके इथे पुरे.

युरोपकडे आलात की भाषा बदलते. जर्मन रायफलीच्या मागच्या साइटला डायॉप्टर म्हणतात. ती बरेचदा दोन स्क्रूंऐवजी मानेतल्या खोबणीत किंवा खुंटीवर बसते, आटे मिलिमीटरचे असतात आणि उंची बदलायला चौकोनी टोकाची किल्ली लागते. ती किल्ली हरवलेली असतेच. खुणा वाचायला सोप्या. 'डी.आर.पी.' म्हणजे जर्मन साम्राज्याचे पेटंट, ते १८७७पासून. 'डी.आर.जी.एम.' ही लहान शोधांची नोंदणी १८९१पासून, म्हणजे ही चार अक्षरे असलेली साइट १८८० सालची असूच शकत नाही. 'जर्मनी' हा शब्द इंग्रजीत ठोकलेला असेल, तर ती वस्तू परदेशी बाजारासाठी बनली. अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले ते १८९०च्या जकात कायद्याने. अमेरिकेतही न्यू जर्सी, मिलवॉकी, सॅन फ्रान्सिस्को इथे स्थिरावलेल्या जर्मनांचे शुत्झेन म्हणजे निशाणबाजीचे क्लब होते. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणजे शत्रू झाला, तसे त्यातले बरेच क्लब ओस पडले. पुढे या रायफली हात बदलत गेल्या, साइट सुट्या विकल्या गेल्या, आणि म्हणून आज अमेरिकन रायफलवर जर्मन साइट किंवा उलट असे संसार दिसतात. ते सगळेच खोटे नसतात. शुत्झेनवाला हौशी आपल्या सोयीने साइट बदलत असे.

ब्रिटिश साइटमध्ये एक सापळा आहे. बर्मिंगहॅममध्ये पार्कर नावाचे दोन वेगळे साइटवाले होते. ए. जी. पार्कर यांच्या पेढीची पुढे पार्कर-हेल झाली, ए. जे. पार्कर हे निराळे, 'ट्विन झीरो' साइट त्यांच्या. नावातले मधले एक अक्षर न वाचता दोघांना एक समजणारे विक्रेते पुष्कळ. बी.एस.ए. या बंदूक-कंपनीची खूण मात्र चुकत नाही : एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. बी.एस.ए.च्या मार्टिनी ॲक्शनच्या .२२ रायफली आपल्याकडच्या जुन्या रायफल क्लबांत आणि घराण्यांत दिसण्याची शक्यता सर्वात जास्त, म्हणून मराठी वाचकाने निदान ही खूण तरी ओळखावी.

आपल्याकडे दिसणारी दुसरी सिंगल शॉट म्हणजे ब्रिटिश फौजेने १८७१मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री. तिची मागची साइट शिडीसारखी उभी राहणारी आणि नळीवर पक्की बसवलेली. ती सुटी विकायला येत नाही, आली तर नळी कुठे गेली हे विचारा. तिच्यावर बाण आणि त्याखाली इंग्रजी 'आय' असेल, तर तो माल हिंदुस्थान सरकारचा होता. खैबर खिंडीच्या परिसरात हाताने घडवलेल्या नकलांवर हे शिक्के हौसेने मारलेले असतात, पण अक्षरे उलटी, स्पेलिंग चुकीचे आणि ओळी वाकड्या. एक गंमत मराठी वाचकाच्या फायद्याची. नेपाळच्या सैन्याच्या जुन्या साठ्यातल्या गहेंद्र रायफलींवर देवनागरी अक्षरे आणि आकडे ठोकलेले असतात. परदेशी संग्राहक त्यावर डोकेफोड करतात. आपण सहज वाचतो. फक्त साल विक्रम संवतातले असते, त्यातून ५६ किंवा ५७ वजा करायला विसरू नका. १९५० वाचून रायफल स्वातंत्र्यानंतरची म्हणणाऱ्याचे हसे होईल.

साइट आणि रायफल दोन्ही समोर असतील, तर त्या मुळापासून एकत्र आहेत का हे रायफलच सांगते. साइट काढा आणि टँग पाहा. शंभर वर्षे पायाखाली झाकलेल्या लोखंडाचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा राहतो. पायाच्या आकाराची सावलीच तिथे उमटते. सावली एका आकाराची आणि साइट दुसऱ्या, तर जोडी नंतर जमवलेली. मग नळीवर बॅकसाइटची खाच शोधा. ती कारखान्यातच कोऱ्या पट्टीने बुजवलेली असेल, तर रायफल टँग साइटसहच मागवली असावी. टँगची छिद्रे दोन बारीक स्क्रूंनी बुजवलेली असणे मात्र काहीच सिद्ध करत नाही. पुष्कळ रायफली कारखान्यातून तशाच येत. विंचेस्टरच्या बाबतीत आणखी एक दार उघडे आहे. वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियममध्ये कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत आणि शुल्क भरून रायफलच्या क्रमांकावरून तिची नोंद मागवता येते. अमेरिकेत राहणाऱ्या आणि या छंदात पडलेल्या मराठी मंडळींनी मोठी खरेदी करण्याआधी ते शुल्क जरूर भरावे.

नकलांविषयी मला राग नाही. इटलीच्या पेडरसोलीसारखे कारखाने आणि अमेरिकेतले काही कारागीर उत्तम नव्या साइट बनवतात, आणि मैदानावर वापरायला त्याच शहाणपणाच्या. गुन्हा होतो तो त्यांचे नाव घासून, लोखंड गंजवून ती जुनी म्हणून विकताना. अशा साइटचा गंज सगळीकडे सारखा असतो. खऱ्या जुन्या साइटवर ब्लूइंग, म्हणजे लोखंडाला दिलेली निळसर-काळी छटा, बोट लागते तिथे, चकतीच्या कडेला आणि दांड्याच्या धारांवर उडालेले असते. बिजागरीच्या आत मात्र शाबूत. आत-बाहेर सारखाच जीर्ण झालेला तुकडा मी घेणार नाही.

भारतातल्या वाचकासाठी कायद्याचे दोन शब्द. शस्त्र अधिनियम १९५९च्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. कलम ४५ किरकोळ सुट्या भागांना सूट देते, पण ते पूरक भागांसोबत वापरण्याचा हेतू नसेल तरच. म्हणून परदेशातून साइट मागवण्यापूर्वी किंवा आजोबांच्या परवान्यावरच्या रायफलला ती लावण्यापूर्वी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला विचारा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही, हे अमेरिकेला भावाकडे भेट पाठवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

साफसफाई हवीच असेल तर पातळ तेल, मऊ फडके आणि धीर. पॉलिश पेपर, वायर ब्रश, चिंच यांना हात लावू नका. मोजपट्टीच्या रेघा एका दुपारीत नाहीशा होतात. स्क्रू अडला असेल तर तेल सोडून रात्रभर ठेवा आणि खाचेत नीट बसेल अशाच टोकाचा स्क्रूड्रायव्हर वापरा. आणि साइटची छिद्रे तुमच्या रायफलच्या टँगशी जुळली नाहीत, तर साइट परत करा, विका, बदलून घ्या, कपाटात ठेवा. जुळवून घेण्यासाठी रायफलला नवे छिद्र पाडू नका. त्या एका छिद्राने रायफलची किंमत उतरते आणि ते पूर्ववत करता येत नाही.